एका मनगटाचे साडेचारशे संकेत

रेडियस म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याच्या बाजूने येणारं हाड. पडताना माणूस हात पुढे करतो आणि सगळा भार तळव्यावर येतो. तेव्हा बहुतेक वेळा मोडतं ते या हाडाचं मनगटाजवळचं टोक, जेमतेम दोन-तीन बोटं रुंदीचा भाग. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निदानसंकेतांच्या यादीत एवढ्याशा भागाच्या फ्रॅक्चरसाठी ४५० वेगवेगळे संकेत आहेत. अंगठा सोडून बाकीच्या बोटांच्या पेरांसाठी ४९०. संपूर्ण शरीरातल्या फ्रॅक्चरचे मिळून सतरा हजारांच्या वर. माणसाच्या अंगात हाडं मात्र २०६ आहेत.

ही यादी कुणी रोज एकेक संकेत सुचवून वाढवलेली नाही. ती गुणाकारातून जन्मली आहे. तो गुणाकार ज्या प्रश्नांचा आहे, ते प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ विचारले जातात.

समजा, विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर धावताना एक तरुण पडला. मनगट सुजलं, जेवणाच्या काट्यासारखं वाकडं दिसायला लागलं. एक्स-रे काढला, तर हाडाचा तुटलेला तुकडा हाताच्या मागच्या बाजूला सरकलेला. याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली त्याचं वर्णन केलं. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते १८९५ मध्ये. म्हणजे त्याच्या ८१ वर्षं आधी कॉलिस यांनी हे फ्रॅक्चर नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखलं होतं. मला ही गोष्ट यादीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी वाटते.

आता संकेत कसा बनतो ते जवळून पाहू. एस ही दुखापतींची मालिका. एस५२ म्हणजे कोपराखालच्या हाताचं फ्रॅक्चर. एस५२.५ म्हणजे रेडियसचं खालचं टोक. एस५२.५३ म्हणजे कॉलिस. पुढचा अंक बाजूचा: उजवा असेल तर १, डावा असेल तर २, कागदावर लिहिलंच नसेल तर ९. सातव्या जागी येतं एक अक्षर, आणि खरी गर्दी तिथे होते.

हे अक्षर दोन गोष्टी एकत्र सांगतं. पहिली, कातडी फाटली का? हाड आतल्या आत मोडलं असेल तर बंद फ्रॅक्चर. जखम झाली असेल तर उघडं, आणि उघड्याचे पुन्हा दोन गट. त्यामागची तीन प्रकारांची वाटणी रॅमन गस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ मध्ये मांडली. जखम एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पहिला प्रकार, त्याहून मोठी पण मांस फारसं चिरडलेलं नसेल तर दुसरा, स्नायू-कातडीच्या चिंधड्या झाल्या असतील तर तिसरा. संकेतात पहिला आणि दुसरा एका अक्षरात बसतात, तिसऱ्याला वेगळं अक्षर मिळतं. तिसऱ्या प्रकारात हाडात जंतू शिरण्याची भीती कितीतरी जास्त असते, पाय किंवा हात वाचवण्याचाच प्रश्न उभा राहतो, म्हणून ही वाटणी महत्त्वाची.

दुसरी गोष्ट, उपचार कुठवर आला? अजून चालू आहे, हाड नीट जुळतंय, जुळायला उशीर लागतोय, जुळलंच नाही, की वाकडं जुळलं? जखमेच्या तीन अवस्था गुणिले उपचाराचे पाच टप्पे म्हणजे १५. त्यात मागे राहिलेल्या कायमच्या दोषाचं एक अक्षर मिळवलं की १६. कॉलिसच्या तीन बाजूंना १६ ने गुणलं की ४८. कॉलिसच्या उलट दिशेला सरकणारं स्मिथ, सांध्याची कड घेऊन तुटणारं बार्टन, अंगठ्याखालच्या टोकाचं फ्रॅक्चर आणि उरलेले प्रकार धरले, की बाजूंसह २७ मेळ होतात. २७ गुणिले १६ म्हणजे ४३२. लहान मुलांचं कोवळं हाड कधी कधी पुरतं तुटत नाही, त्याला नुसती घडी पडते. तिथे कातडी फाटण्याचा प्रश्न नसल्याने अक्षरं फक्त सहा, म्हणून ३ गुणिले ६, म्हणजे १८. झाले साडेचारशे.

बोटांचा हिशेबही असाच. चार बोटं, दोन हात, वर 'इतर' आणि 'नोंद नाही' मिळून दहा. पेर कुठलं आणि तुकडा सरकलाय की जागेवर आहे, याचे सात प्रकार. सातव्या जागेची सात अक्षरं. १० गुणिले ७ गुणिले ७. एका शून्याचीही चूक नाही, बरोबर ४९०.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पर्यंत जी जुनी यादी चालायची, तिच्यात सगळ्या फ्रॅक्चरचे मिळून ७४७ संकेत होते. एका रात्रीत ते सतरा हजारांवर गेले. त्यातले सुमारे ६२ टक्के केवळ उजवं-डावं वेगळं करण्यासाठी आहेत. नव्या यादीत सगळ्या आजारांचे मिळून सत्तर हजारांच्या आसपास संकेत होते, त्यातला जवळपास चौथा हिस्सा नुसत्या मोडलेल्या हाडांचा. एकेक संकेत दहा सेकंदांत वाचायचा ठरवला, तर फ्रॅक्चरचेच संकेत संपायला न झोपता ४७ तास लागतील.

आपल्याकडे हाडांची वर्गवारी नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचा स्वतंत्र अध्याय आहे. तिथे हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि सांधा निखळण्याचे सहा. कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, मज्जानुगत, वक्र, स्फुटित ही त्यातली काही नावं. चूर्णित म्हणजे चुरा झालेलं, मज्जानुगत म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या मज्जेत घुसलेला. आजचा अस्थिरोगतज्ज्ञ एक्स-रे पाहून सहकाऱ्याला जे सांगतो, ते यातल्या कित्येक नावांत मावतं. सुश्रुतांनी हाडाचं रूप टिपलं. आजची यादी त्यात काळ घालते, कारण हाडाची गोष्ट मोडण्यात संपत नाही, जुळेपर्यंत चालते.

जगाचा पसारा पाहिला की इतक्या बारकाईची गरज कळते. रोगभाराच्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगात १७ कोटी ८० लाख नवी फ्रॅक्चर झाली. दर सेकंदाला साडेपाचाहून अधिक. हे वाक्य वाचून होईपर्यंत पृथ्वीवर कुठे ना कुठे वीसेक हाडं मोडलेली असतात. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींचा हा आकडा रोजचा बाराशेवर जातो. त्यातल्या किती जणांच्या मांडीचं हाड मोडलं, किती जणांचं मनगट, किती जणांची जखम तिसऱ्या प्रकारची होती आणि किती जणांचं हाड सहा महिन्यांनंतरही जुळलं नव्हतं, हे त्या सरकारी आकड्यात नाही. ते दवाखान्याच्या कागदांत असतं, आणि तेही कुणी लिहिलं असेल तरच.

गारखेडा परिसरात १९८९ पासून डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे, शहरात १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, आणि गल्लोगल्ली हाडांचे दवाखाने. दक्षिणेला बीड बायपास. या दवाखान्यांत, भारतात सगळीकडे, अमेरिकी यादी जिच्यावर बेतली आहे ती जागतिक आरोग्य संघटनेची मूळ दहावी यादी चालते. ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि तिच्यात सगळे मिळून चौदा हजारांच्या आसपास संकेत आहेत. तिच्यात रेडियसचं खालचं टोक एकच, एस५२.५. बंद की उघडं हे सांगणारा पुढचा अंक ऐच्छिक. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नईत बसून अमेरिकी रुग्णांची कागदपत्रं सात-सात अक्षरांत उतरवणारी मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत. बी.फार्म., बी.एस्सी. झालेली, शरीररचना पाठ करून परीक्षा दिलेली. टेक्सासमधल्या अनोळखी माणसाचं हाड डावं की उजवं, जुळलं की नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांच्याच काकांच्या मोडलेल्या पायाची तशी नोंद बहुधा कुठेच नसते. ही मला आपल्या व्यवस्थेतली दुखरी जागा वाटते.

या मुलांना एक नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात. डॉक्टरांनी बंद की उघडं हे लिहिलं नसेल, तर बंद समजायचं. हाड सरकलंय की जागेवर आहे हे लिहिलं नसेल, तर सरकलंय असं समजायचं. म्हणजे कागदावरची रिकामी जागा रिकामी राहत नाही, नियम ती भरून टाकतो. केसाएवढ्या चिरेसाठी प्लास्टर घातलेला माणूस नोंदीत सरकलेल्या हाडाचा रुग्ण होतो, आणि उघड्या जखमेचा माणूस बंद फ्रॅक्चरच्या रांगेत जाऊन बसतो. सातव्या जागेवरचं ए हे अक्षर पहिल्या भेटीचं असा समजही चुकीचा आहे. ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरांकडे महिन्याने झालं, तरी प्रत्यक्ष इलाज चालू असेपर्यंत ए-च. रुग्ण प्लास्टर बदलायला, एक्स-रे पाहायला येऊ लागला की डी.

आणखी एक नियम घरातल्या वयस्कर बायकांसाठी महत्त्वाचा. सत्तरीच्या आजी मोरीत घसरल्या, मनगट मोडलं. त्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं आधीच माहीत असेल आणि निरोगी हाड अशा पडण्याने मोडलं नसतं असं असेल, तर हा संकेत एस मालिकेतला नाहीच. तो एम८० मध्ये जातो, हाडांच्या विकारात. या एका अक्षराच्या बदलाने उपचाराची दिशा बदलायला हवी. मनगटाला प्लास्टर घालून काम भागत नाही, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ठिसूळपणावरची औषधं सुरू करावी लागतात. नाहीतर पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.

हाड कसं मोडलं, याची मालिका वेगळीच आहे. जिन्यावरून पडणं डब्ल्यू१०, झाडावरून पडणं डब्ल्यू१४, बैलगाडीतल्या माणसाला अपघात व्ही८०, मोटरसायकल कशावर न आदळता घसरली तर व्ही२८. अमेरिकी यादीत विहिरीत पडण्याचा स्वतंत्र संकेत आहे, डब्ल्यू१७.०. गाय किंवा बैलाने धडक दिली तर डब्ल्यू५५.२२. त्या वेळी माणूस काय करत होता याचीही जागा आहे, अगदी योगासनांचीसुद्धा. बास्केटबॉल, व्हॉलिबॉलला आपापले संकेत आहेत. क्रिकेट मात्र 'इतर सांघिक खेळां'च्या गठ्ठ्यात टाकलेलं आहे, आणि कबड्डीचा तर उल्लेखही नाही. यादी जिथे बनते तिथलंच जग तिच्यात बारकाईने दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी यादी २०२२ पासून अमलात आली आणि तिने गुणाकारच मोडीत काढला. मूळ हाडाचा एक संकेत, त्याला डावं-उजवं, बंद-उघडं यांची वेगळी शेपटं जोडायची. म्हणून सगळ्या आजारांसाठी मिळून तिच्यात सुमारे सतरा हजार संकेत पुरतात. अमेरिकेत नुसत्या फ्रॅक्चरला लागतात तेवढेच.

आपल्या केसपेपरवर कारणाच्या रकान्यात दोनच शब्द वारंवार दिसतात: 'पडून' आणि 'आरटीए', म्हणजे रस्ते अपघात. पडण्याच्या डब्ल्यू०० ते डब्ल्यू१९ अशा वीस जाती मूळ दहाव्या यादीत आहेत, आणि त्या विसांतून नेमकी कुठली हे रुग्णाच्या नातेवाइकाला विचारायला अर्धं मिनिट लागतं. गच्चीवरून, जिन्यावरून, शेतातल्या विहिरीत, ओल्या फरशीवर, की बांधकामाच्या परांचीवरून. बीड बायपासवरून आलेल्या दहा मनगटांपैकी किती खड्ड्यात घसरलेल्या दुचाकींची आहेत आणि किती उलट्या दिशेने आलेल्या वाहनाच्या धडकेची, हे महापालिकेला सांगू शकणारा कागद फक्त त्या अर्ध्या मिनिटात तयार होतो.