अवघड जागीचे दुखणे आणि संशयाचा फायदा

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत वापरतो. माजी सैनिकांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनावरील निकाल वाचताना ती मला वारंवार आठवली. हसू मात्र आले नाही.

सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री तेथे भीषण आग लागली आणि कर्तव्यावरची माणसे त्यात गेली. अशा आगीत भाजलेल्याला ‘ही जखम नोकरीमुळेच कशावरून?’ असे कुणी विचारत नाही. पण पंधरा-वीस वर्षे बर्फात, वाळवंटात, ट्रकच्या फळीवर काढून कंबरदुखी, रक्तदाब किंवा मूळव्याध घेऊन परतलेल्या जवानाला पहिला प्रश्न हाच असतो.

कायद्याची चौकट अशी. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि ते किमान २० टक्के असावे. हे दोन्ही ठरवते लष्कराचेच वैद्यकीय मंडळ. ‘सेवेशी संबंध नाही’ एवढा शेरा पडला की अर्ज फेटाळला जातो. मग खात्यातच अपील, आणि तेथेही नकार मिळाला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते. महाराष्ट्राची प्रकरणे त्याच्या मुंबई पीठाकडे जातात.

१९८२ च्या पात्रता नियमांनी मात्र सैनिकाच्या हाती एक मोठे शस्त्र दिले होते. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो धडधाकट होता असे गृहीत धरावे. पुराव्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये. वाजवी संशय असेल तर त्याचा फायदा त्याला मिळावा. हे नियम असूनही ते पाळले जात नव्हते. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सैन्यात भरती झाले. १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवले गेले, निवृत्तिवेतन नाकारून. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, दोघांच्या पीठाने तो फिरवला. अखेर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते : भरतीच्या तपासणीत हा आजार लक्षात येणे शक्य नव्हते असे मंडळाला वाटत असेल, तर त्याने त्याची कारणे लिहावीत. कारणांविना दिलेले मत पुरेसे नाही. या एका वाक्यासाठी एकोणीस वर्षे गेली.

आता म्हणीकडे येऊ. मूळव्याधीसारखे दुखणे जवान युनिटच्या डॉक्टरला सहसा दाखवत नाही. एक तर लाज. दुसरे म्हणजे तोच डॉक्टर त्याची वैद्यकीय श्रेणी ठरवण्याच्या साखळीतला असतो. ‘लो मेडिकल कॅटेगरी’ लागली की बढती आणि मुदतवाढ धोक्यात येते. म्हणून तो सोसतो, आणि सोसल्याचा कागद तयार होत नाही. निवृत्तीच्या वेळी ही कोरी जागाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

अमेरिकेत माजी सैनिकांचे अपील मंडळ आपले निर्णय नावे गाळून प्रसिद्ध करते. मूळव्याध त्यांत अनेकदा भेटते, तीही गुडघा, पाठ, कानातला आवाज अशा तक्रारींच्या रांगेत. तिथल्या दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. २००६ च्या ब्यूकॅनन खटल्यात तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने म्हटले, की त्या काळचा वैद्यकीय कागद नाही एवढ्यावरून सैनिकाची साक्ष अविश्वसनीय ठरवता येणार नाही. दुसरी गोष्ट शून्य टक्क्यांची. आजार सौम्य असेल तर सेवेशी संबंध मान्य करून अपंगत्व शून्य टक्के ठरवतात. पैसा मिळत नाही, पण नाते नोंदले जाते; पुढे त्रास वाढला तर नव्याने मागणी करता येते. आपल्याकडे २० टक्क्यांखाली राहून सेवा पूर्ण करणाऱ्याच्या हाती असे काही उरत नाही. अनेक लहान आजारांची एकत्रित टक्केवारी काढली जाते, एवढाच आधार.

दुसरी बाजूही आहे. अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत जास्त असल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे पात्रता नियम आले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला. गैरफायदा रोखायला हवा, यात वाद नाही. पण चाळणी बारीक केली की आधी कोण गळतो? ज्याला आपले दुखणे कागदावर आणता येते तो टिकतो. ज्याने ते गिळले तो गळतो.

म्हणून ज्यांच्या घरी कुणी फौजेत आहे त्यांनी सुट्टीवर आलेल्या मुलाला एवढे जरूर सांगावे : दुखणे अवघड जागीचे असले तरी दाखव, तारखेसह लिहून घे आणि त्याची प्रत जपून ठेव. संशयाचा फायदा देण्याची सोय कायद्यात आहे; पण तो मागायला हातात एखादा कागद लागतो.