पन्नास सेंटचं नाणं आणि गिटारचा आवाज

जाडी ई तार नुसती घुमते आणि बारीक तारा मागे कुठेतरी हरवतात. किंवा बाराव्या फ्रेटच्या पुढे गेलात की जाडी तार सुरातच येत नाही, ट्यूनरचा काटा नाचत राहतो. मग आपण ठरवून टाकतो: गिटारच स्वस्तातली, पिकअप बदलायला हवेत. म्युनिकचं भाडं भरून उरलेल्या पैशांतून नवा सेट घ्यायचा म्हणजे महिन्याचं गणित कोलमडणार. थांबा. आधी स्क्रू फिरवून बघा. पॉडकास्टमध्ये आवाज ऐकवता येतो, मिलिमीटर दाखवता येत नाहीत, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकाजवळ असल्यामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणजे पिकअप तारेच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा.

मग अगदी चिकटवूनच का नाही ठेवायचा? कारण चुंबक तारेला ओढतोही, आणि अंतर कमी झालं की ही ओढ झपाट्याने वाढते. तार वर-खाली हलताना एक सूर आणि आडवी हलताना किंचित वेगळा सूर, असं होऊन बसतं. एकाच तारेतून दोन सूर भांडताना ऐकू येतात आणि सूर लवकर विझतो. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तारांखालचे खुंटच चुंबक असतात, शिवाय पिकअप तीन. त्यामुळे तिथे हा त्रास इतका ओळखीचा की वाजवणाऱ्यांनी त्याला ‘स्ट्रॅटायटिस’ असं आजाराचं नावच देऊन टाकलं.

मिरजेचा तंबोरा आठवा. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा जरासा सरकवला की जवारी खुलते किंवा मिटते. त्यामागचं भौतिकशास्त्र वेगळं, पण कसब त्याच जातीचं: अर्धा मिलिमीटर, आणि कान.

आता खिशातली नाणी काढा. फेंडरच्या मार्गदर्शिकेत जुन्या धाटणीच्या सिंगल-कॉइल पिकअपसाठी जाड्या तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर सांगितलंय. ५० सेंटचं नाणं २.३८ मिलिमीटर जाड असतं, १० सेंटचं १.९३. मोजपट्टी कशाला हवी! (जर्मन नाण्यावर ‘डी’ अक्षर दिसलं तर ते म्युनिकच्याच टांकसाळीतलं.) फक्त १, २ आणि ५ सेंट घेऊ नका. ते तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असतं, चुंबक त्यांना खेचून घेईल.

एका हाताने तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. दुसऱ्या हाताने नाणं चुंबकाच्या माथ्यावर, तारेखाली सरकवा. तार न उचलता ते जेमतेम आत गेलं पाहिजे. बहुतेक गिटारींवर स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की पिकअप वर येतो. हंबकरमध्ये चुंबक खाली दडलेला असतो, ओढ कमी असते, त्यामुळे तो १.६ मिलिमीटरपर्यंतही चालतो.

माप ही फक्त सुरुवात. ॲम्प स्वच्छ आवाजावर ठेवा, डिस्टॉर्शन बंद. रात्री दहानंतर हेडफोन लावा, शेजारी दार वाजवणार नाहीत. आधी जाड्या तीन तारा, मग बारीक तीन, एकाच जोराने छेडा. जी बाजू दबलेली वाटते ती पाव फेरा वर घ्या, किंवा दुसरी पाव फेरा खाली. आमचं मत विचाराल तर खालीच घ्या. आवाज कमी झाला तर ॲम्प आहेच की. मग स्विच फिरवून ब्रिज आणि नेकची तुलना करा. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप थोडा वर हवा. नेकचा मात्र खालीच बरा, कारण वरच्या फ्रेटवर वाजवताना त्याचीच ओढ जास्त नडते.

इंटोनेशनचे स्क्रू या सगळ्यानंतर. चुंबक तारेला ओढत असताना ते कितीही फिरवले तरी बाराव्या फ्रेटचा सूर जुळणार नाही. आणि पुढे कधी तारांची उंची बदललीत, तर ती दोन नाणी पुन्हा बाहेर काढा.