कणा, स्क्रू आणि कोटींचा हिशेब

मे महिना लागला की गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायची झुंबड उडते. 70 पानांचा एक पुडा, 1,000 पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. म्हणजे एका बॅगेत 70,000 पानं! एका वाकण्यात पाच पानं हाती येतात असं धरा. तरी एका बॅगेमागे कंबर 14,000 वेळा वाकली. पुढे पावसाळ्यात धानाची रोवणी आहेच. तिथलं वाकणं मोजायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

त्या कमरेच्या आत काय चालतं? जर्मनीतल्या संशोधकांनी एका धडधाकट माणसाच्या कमरेत दोन मणक्यांमधल्या चकतीत चक्क दाबमापक बसवला आणि 1999 मध्ये आकडे छापले. नुसतं उभं राहिलं तर चकतीत 50 मीटर खोल पाण्याखाली असतो तेवढा दाब. पाठ वाकवून 20 किलो उचलले की थेट 230 मीटर! चाळीस हात खोल, काठोकाठ भरलेली विहीर डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा जवळपास तेरा रचा. सगळ्यात खालच्या विहिरीच्या तळाशी जो दाब, तो आपली सेंटिमीटरभर जाडीची चकती सोसते.

साहजिकच ती कुरकुरते. 2020 मध्ये जगभरात कंबरदुखीचे रुग्ण होते 61 कोटी 90 लाख. प्रत्येकाला स्लीपरचा एक बर्थ देऊ. डब्यात 80 बर्थ, म्हणजे 77 लाखांहून जास्त डबे. गाडीची लांबी सुमारे 1 लाख 85 हजार किलोमीटर, पृथ्वीला साडेचार वेढे! वडसा स्टेशनावरून ती ताशी 100 किलोमीटरने सुटली, तर शेवटचा डबा दिसायला 77 दिवस लागतील.

यातल्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ज्यांना लागते, त्यांचा हिशेब मात्र एकदम मिलिमीटरवर येतो. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचे दोन अरुंद खांब असतात. पाठीच्या मधल्या भागात त्यांची रुंदी जेमतेम पाच मिलिमीटर, आणि त्यातून साडेचार मिलिमीटरचा स्क्रू घालायचा. दोन्ही बाजूंना उरली पाव-पाव मिलिमीटर जागा. शेजारीच मज्जारज्जू, 45 सेंटिमीटर लांब. तो ताणून मुंबई-पुण्याएवढा केला, तर डॉक्टरांना चालणारी दोन मिलिमीटरची चूक होते पाऊण किलोमीटरहूनही कमी!

इथे रोबो येतो. तो स्क्रू पिळत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. सीटी स्कॅनवर आखलेली दिशा त्याचा हात धरून ठेवतो. स्क्रू पिळतो तो डॉक्टरच. 2010 मध्ये 14 रुग्णालयांतल्या 635 रुग्णांचा अभ्यास आला. एकूण 3,271 स्क्रू आणि स्क्रूंना दिशा देणाऱ्या तारा. त्यातले 646 स्क्रू सीटीवर तपासले, तर 98.3 टक्के दोन मिलिमीटरच्या आत. चुकले फक्त 11! पण थांबा, एका पाठीत कधी कधी दहा स्क्रू लागतात. मग दहाच्या दहा नीट बसण्याची शक्यता उतरते 84 टक्क्यांवर. शिवाय 2012 च्या एका जर्मन चाचणीत नुसत्या हाताने 93 टक्के स्क्रू नीट बसले आणि रोबोने 85 टक्के. तेव्हा यंत्र हरलं होतं. पुढे यंत्रं सुधारली आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत पारडं रोबोकडे झुकलं.

या मिलिमीटरांची किंमत किती? असे रोबो बनवणारी इस्रायलची माझोर कंपनी 2018 मध्ये मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने 164 कोटी डॉलरना विकत घेतली. तेव्हाच्या भावाने साधारण 11,800 कोटी रुपये. पाचशेच्या नोटा केल्या तर 23 कोटी 60 लाख. एकीला एक लावत गेलो तर मुंबई-पुणे अंतर 236 वेळा भरतं!

आणि गडचिरोलीत? चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा माँ दंतेश्वरी दवाखाना आहे. तिथे मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबईहून डॉ. शेखर भोजराज आणि स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर येत आले आहेत. अंतर सुमारे 900 किलोमीटर, सहा मुंबई-पुणे. मिलिमीटरमध्ये मोजा: 90 कोटी! दोन मिलिमीटर चुकू नयेत म्हणून त्याच्या 45 कोटी पट प्रवास, तोही एकाच बाजूचा.