तिसऱ्या नावापाशी

श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला लोक देवदर्शनासाठी जातात, समुद्रासाठी जातात, आणि घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याचं करण्यासाठी जातात. या जागेला दक्षिण काशी म्हणतात ते या शेवटच्या कामामुळेही. देवळामागे खडकात खोदलेल्या पायऱ्या उतरल्या की लाटांनी खाऊन जाळीदार केलेला कातळ लागतो. ओल्या शेवाळाचा खारट वास आणि शिजलेल्या भाताचा, तिळाचा वास इथे एकमेकांत मिसळतात. श्राद्धाचं काम नेमानं चालतं. दर्भाचं पवित्रक अनामिकेत, जानवं अपसव्य, तर्पणाचं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून. हे सगळं भराभर होतं. अडतं ते एका प्रश्नापाशी, आणि या कामाबद्दल लिहावंसं वाटलं ते त्या प्रश्नामुळेच. गुरुजी वडिलांचं नाव विचारतात, ते लगेच येतं. आजोबांचं जरा थांबून येतं. पणजोबांच्या नावाला यजमान मागे वळून बघतो, कुणी गावच्या काकांना फोन लावतो. ‘सगळे नानाच म्हणायचे’ असं उत्तर मिळतं. पण संकल्पात ‘नाना’ चालत नाही, तिथे खरं नाव लागतं. विधी मागतो इनमीन तीन नावं, तीन पिढ्या.

विधीनं मागितलेल्या या तीन नावांचा हिशेब फार विचारपूर्वक बांधलेला आहे. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. माणूस गेल्यावर बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात त्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते वरच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. तो पितर झाला की त्याचा पणजोबा पिंडाच्या रांगेतून वर सरकतो. मग त्याच्या वाट्याला उरतं काय? पिंड ठेवून झाल्यावर हाताला चिकटलेली शितं दर्भाच्या मुळाशी पुसतात, ती चौथ्या पिढीची आणि तिच्या वरच्या दोघांची. मला हा तपशील पुन्हा पुन्हा आठवतो. तळहाताला लागलेला तो भाताचा लेप म्हणजे एका माणसाचा या जगातला अखेरचा हक्क. विस्मरण किती पायऱ्यांनी येतं हे ज्यांनी इतकं बारकाईनं पाहिलं, त्यांना मी कर्मठ म्हणून मोडीत काढू शकत नाही. नावच ठाऊक नसेल तर काय, याचीही सोय गृह्यसूत्रांनी करून ठेवली आहे: पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात राहणारे पितर असं म्हणून भागवावं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात श्राद्धाचा केवढा तरी पसारा मांडला आहे. तो चाळताना जाणवतं की हे शास्त्र विसरणाऱ्या माणसांसाठीच लिहिलेलं आहे.

पण या शास्त्रानं माणसाचं आयुष्य कधी मागितलंच नाही, आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. तो वाटा घराकडे होता. श्राद्ध घरात व्हायचं तेव्हा आदल्या दिवसापासून बहिणी, भाचे, चुलते जमत. गेलेल्याच्या आवडीची भाजी पानात पडलीच पाहिजे म्हणून आठवण निघे, कावळा शिवेना की त्याच्या राहून गेलेल्या इच्छांची उजळणी होई. विधीचा वेळ थोडा, बोलण्याचा वेळ मोठा. आता सकाळी पुण्या-मुंबईहून गाडी निघते, दुपारी काम उरकतं, रात्री माणसं परत. नावांचा अर्धा भाग शिल्लक राहिला आणि आयुष्याचा अर्धा भाग कुणाच्या लक्षात न येता गळून पडला. नुसतं नाव किती पुरतं याचा दाखला श्रीवर्धनातच आहे. 1713 मध्ये पेशवा झालेले बाळाजी विश्वनाथ इथल्या भट घराण्यातले. त्यांच्या कारकिर्दीचे कागद आहेत, पुतळा आहे. वडील विश्वनाथपंत मात्र बहुतेकांना ठाऊक आहेत ते मुलाच्या नावापुढे लागलेले म्हणून. बाळाजींच्या नातवाला पुन्हा बाळाजी हेच नाव मिळालं, तोच पुढे नानासाहेब पेशवा. नावं अशी पिढी ओलांडून परत येतात. त्या नावाखालचा माणूस परत येत नाही.

यावर गंभीर आक्षेप येतो तो असा: श्राद्ध आठवणीसाठी नाहीच, ते मृताच्या गतीसाठी आहे, त्याला जाऊ द्यायचं, घरात अडकवून ठेवायचं नाही. हे मला पटतं. पण जाऊ द्यायचं ते माणसाला. त्यानं जमवलेलं शहाणपण कशाला? दुसरा आक्षेप जास्त बोचतो. पेशव्यांचं ठीक आहे, साध्या कुळवाड्याच्या, वाडीवाल्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं असतं तरी काय? या किनाऱ्यावर तरी हा प्रश्न टिकत नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात बांधाला खांड कुठे पडते, उधाणाच्या आधी कुठली जागा मातीनं भरून घ्यायची, उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कधी उघडायची, हे म्हाताऱ्यांच्या डोक्यात असायचं. खांड पडली तर खारं पाणी शिरून शेत वर्षानुवर्षं नापीक होतं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत माडाखाली सुपारी, सुपारीला पाट, कुठल्या झाडाचं फळ बियाण्याला ठेवायचं, हे सगळं आजोबांचं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. सुपारीचं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं घेतं. नव्यानं लागवड करताना ज्याला विचारायचं तो माणूस आधीच गेलेला होता. आज पणजोबांचं नाव अनेक घरांना सापडतं ते जुन्या सातबाऱ्यावर किंवा फेरफारात, तेही जमिनीचा व्यवहार निघाला म्हणून. तलाठ्याच्या कागदाला जेवढं नाव पुरतं तेवढंच आपल्यालाही पुरावं, याचं मला वाईट वाटतं.

आयुष्य लिहून ठेवायची रीत आपल्याला परकी नाही. कोकणातल्या अनेक घराण्यांनी कुलवृत्तान्त छापले, पण त्यांतल्याही बहुतेक नोंदी जन्म, शिक्षण, नोकरी, मृत्यू एवढ्यावर थांबतात. त्याहून मोठा आदर्श याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली ज्यूंचा. किहीम, रोहा, पेण, चौल, नवगाव ही गावं त्यांनी आडनावांत जपली. आणि किहीमचंच नाव लावणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला 1937 मध्ये, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारची सुट्टी, जेवणाच्या चालीरीती हे सगळं त्यात आलं, कारण लिहिणाऱ्यानं नुसती नावं पुरेशी मानली नाहीत.

राहिला प्रश्न सांगणार कोण याचा. विधीत पुढे बसतो मुलगा. पार्वण श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं येतात, आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्याही येतात, तेवढं औदार्य त्यात आहे. तरीही शेवटच्या आजारपणात ज्यांनी म्हाताऱ्याचे पाय चेपले, पेज भरवली, रात्रभर त्याचं बोलणं ऐकलं, त्या मुली आणि सुना इथे ताटं मांडत मागे उभ्या असतात. तिसऱ्या नावाला यजमान अडतो तेव्हा उत्तर बहुधा त्यांच्याकडूनच येतं, आणि नावाबरोबर काहीतरी अधिकही येतं: त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, विहीर त्यांनीच खोदवली, कर्ज त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गुरुजी त्यातलं नाव तेवढं उचलून पुढचा मंत्र म्हणतात, त्यांचं काम तेवढंच आहे. उरलेलं वाक्य पुरं करू देणं हे यजमानाचं काम आहे. त्यासाठी भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. परतीची गाडी दोन तास उशिरा काढावी लागते.