धरणाचा साहेब कारखान्यात बसला तेव्हा



15 सप्टेंबर म्हणजे अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म 1861 सालचा, याच तारखेचा. पेनगंगेच्या काठी जाळं टाकणाऱ्या आपल्याला त्यांचं काय, असं कोणी विचारेल. एक तर आपल्यापैकी बरेच जण मासे धरतात ते धरणा-तलावात अडवलेल्या पाण्यात, आणि पाणी अडवायची विद्या या देशात रुजवणाऱ्यांत हे नाव पहिल्या रांगेतलं. दुसरं असं की, जन्मभर सरकारी हुद्द्यावर राहिलेला हा माणूस पुढे कारखाना चालवायला बसला, आणि तोट्यातला कारखाना त्याने मार्गी लावला. संस्था चालवणाऱ्यांनी हा भाग नक्की वाचावा.

घराणं मूळ आंध्रातल्या मोक्षगुंडमचं, जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करून पोरगा शिकला आणि संस्थानच्या मदतीने पुण्याच्या कॉलेजात अभियंता झाला. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागला. नाशिक, धुळे, पुणे असा आपला मराठी मुलूख त्यांनी पायाखाली घातला. नीरा कालव्यावर त्यांनी पाळीने पाणी देण्याची पद्धत बसवली. पुण्याजवळ खडकवासल्याच्या सांडव्यावर 1903 मध्ये आपोआप उघडझाप करणारी दारं लावली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दार उघडायचं, उतरलं की मिटायचं. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. दाराचं मोल आपल्याला सांगायला नको. दार उघडलं की वर्षभर वाढवलेला मासा कसा वाहून जातो, हे आपण डोळ्यांनी बघतो.

1908 मध्ये त्यांनी मुंबईची नोकरी सोडली. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर हिंदी माणसाला बसवायची तेव्हा पद्धत नव्हती. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला मुसी नदीला महापूर आला, हैदराबादेत हजारो माणसं गेली. आपला आदिलाबादही तेव्हा निजामाच्याच राज्यात. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, पूर शहरात अडवू नका, वरच अडवा. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर हे तलाव झाले. एक 1920 मध्ये पुरा झाला, दुसरा 1927 मध्ये.

पुढे ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि 1912 मध्ये दिवाण. कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण, 1913 ची म्हैसूर बँक, 1916 चं म्हैसूर विद्यापीठ ही त्या काळातली कामं. एक गोष्ट मात्र झाकून ठेवायची नाही. सरकारी नोकऱ्यांत मागे राहिलेल्या समाजांना वाटा मिळावा, ही मागणी तेव्हा जोर धरत होती. नोकरी गुणावरच द्यावी, असं विश्वेश्वरय्यांचं मत, आणि या वादातच 1918 मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. भोई-ढिवर समाजाच्या आपल्याला ते मत पटणारं नाही. ज्याला शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्याने गुण दाखवायचा कुठे? मोठ्या माणसाचं काम घ्यावं, पण सगळंच डोक्यावर घेऊ नये.

आता कारखान्याचं. भद्रावतीला संस्थानाचा लोखंडाचा कारखाना 1923 मध्ये सुरू झाला. दगडी कोळसा जवळ नव्हता, म्हणून भट्टी जंगलाच्या लाकडी कोळशावर. बाजारात लोखंडाचे भाव पडलेले, तोटा वाढत चाललेला. साठी उलटलेल्या विश्वेश्वरय्यांकडे कारभार आला, आणि 1929 पर्यंत ते तिथे अध्यक्ष राहिले. त्यांनी जादू केली नाही. खर्चाची एकेक बाब तपासून कापली. बाहेरून आणलेल्या माणसांच्या जागी इथलीच माणसं शिकवून तयार केली. कच्चं लोखंड नुसतं विकण्यापेक्षा त्याचे पाइप ओतायला घेतले. लाकडाचा कोळसा करताना निघणाऱ्या धुरातून रसायनं काढून विकली. तोटा आटोक्यात आला, कारखाना चालता झाला. या कामाबद्दल मिळालेला पैसा त्यांनी बेंगळुरूत कारागिरी शिकवणारी संस्था काढायला दिला, आणि तिला स्वतःचं नाव न देता महाराजांचं नाव दिलं. 1927 ते 1955 ते टाटा स्टीलचे संचालकही होते. 1955 मध्ये भारतरत्न मिळालं, आणि एप्रिल 1962 मध्ये शंभरी गाठून ते गेले.

आमच्या मते यातलं सार इतकंच: खुर्ची बदलली, पण मोजल्याशिवाय निर्णय नाही ही सवय बदलली नाही. धरणात पाणी मोजलं, कारखान्यात पैसा मोजला.

सध्या तलावात मत्स्यबीज सोडायचे दिवस आहेत. बोटुकली आली की गाडीवाल्याने सांगितलेला आकडा तसाच कागदावर चढतो. दोन-चार पिशव्या काठावरच मोजून बघितल्या, तर खरं किती ते कळतं. मासा निघाल्यावर रोजची धरपकड वहीत लिहिली, काट्यावरचं वजन स्वतः बघितलं, तर व्यापाऱ्यापुढे बोलायला तोंड राहतं. साहेब येतात, बदलून जातात. वही आपल्यापाशीच राहते. ती खरी असली, तर संस्था पोरांच्या हाती देताना लाज वाटणार नाही.

सर्वांना अभियंता दिनाच्या शुभेच्छा. पाणी वाढलेलं आहे, नाव सांभाळून घाला.