रविवारची तयारी, बुधवारची भूक

वजन घटवण्याचा निश्चय डळमळतो तो बहुधा संध्याकाळी, पोटात कावळे ओरडत असताना आणि ओटा रिकामा असताना. म्हणून काय खायचं हे भुकेच्या आधी ठरवावं, हेच आठवड्याच्या पूर्वतयारीचं मर्म. फ्रान्समध्ये सुमारे ४० हजार प्रौढांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत जेवणाचं नियोजन करणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा कमी आढळला. अर्थात नियोजनामुळेच वजन उतरलं, असं अशा एकवेळच्या पाहणीतून सिद्ध होत नाही. शिस्तीची माणसं मुळात दोन्ही सांभाळत असतील. शिवाय तेलाचा तवंग आलेली उसळ रविवारी केली म्हणून हलकी होत नाही!

शिळ्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये, ४ अंश सेल्सिअसला, तीन-चार दिवसच ठेवावं. भाताला तर जास्तच जपावं: बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही तगतात, भात बाहेर राहिला की त्यातून जिवाणू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा सात दिवसांचे डबे रचण्यापेक्षा मोड आलेली मटकी, निवडलेली भाजी, कोरडं वाटण तयार ठेवावं. फोडणी त्या-त्या दिवशी. भात काय, कुकरमध्ये ताजाच होतो.