घाम गळतो कुठे, उडतो कुठे
रोह्याहून नागोठण्याकडे निघालेले सायकलस्वार भिसे खिंडीत पोचेस्तोवर घामाने निथळतात. जैसलमेरच्या वाळवंटात मात्र ४० अंशांतही सदरा कोरडाच! घाम तिथेही भरपूर येतो. पण कोरड्या हवेत लगेच उडतो आणि सदऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ उमटतात. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. टपकलेला घाम फुकटच. म्हणून दमट रोह्यात पारा ३३वर असला तरी जीव कासावीस होतो. त्यात चढावर वेग मंदावला की वाराही लागत नाही. वाळवंटात धोका वेगळा: अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. तिथे जाणार असाल तर पाण्यासोबत मीठ-साखरही घ्या.